उजव्या खांद्यामागे

“अम्मा, रस्ता मेरेकू मालूम है. आप जरा चुप बैठते क्या?”

ऑटोवाला हे रागानं बोलला नाही, तेच जास्त लागलं. रागानं बोलला असता तर मी चार शब्द सुनावले असते. नारायणगुड्याच्या शाळेत सातवी-आठवीची पोरं गप्प बसवण्यात माझी हयात गेली आहे, एका ऑटोवाल्याची काय कथा. पण तो दमलेल्या माणसासारखा बोलला, आरशातून माझ्याकडे बघत, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बर्कतपुऱ्यापासून मी अखंड बोलत होते. आता डावीकडे. पुढे गतिरोधक आहे. बस थांबलीय, तिच्या उजवीकडून काढा. सिग्नल सुटेल आता. तो जे करणारच होता ते मी एक क्षण आधी त्याला सांगत होते आणि तेही मागच्या सीटच्या उजव्या कोपऱ्यात सरकून, मान त्याच्या खांद्यापर्यंत पुढे काढून. मी मागे टेकले. पर्स मांडीवर घट्ट धरली आणि तोंड मिटून बसले. अंबरपेठेपर्यंतचा रस्ता मी इतक्या वेळा गेले आहे, पण त्या दिवशी तो संपेना. प्रत्येक वळणाला जीभ टाळूला लागायची आणि मी ती परत खाली आणायचे. उतरताना मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “कायकू सॉरी अम्मा, हो जाता.” हो जाता. जरा गप्प बस, हेच सकाळी माझा नवरा शशिकांत म्हणाला होता, फक्त जास्त गोड शब्दांत.

सकाळी चहाच्या वेळी तो समोर येऊन बसला. हल्ली तो समोरच बसतो. पूर्वी पेपर उघडून खिडकीकडे तोंड करून बसायचा, मी पाठीशी बोलायचे. तर समोर बसून, माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत म्हणाला, “मेधा, रविवारी तू आली न्हाईस तरी चालतंय. प्रिसिजनला मी नाव दिलेलंच न्हाई. निस्तं फ्रीस्टाईल. त्याला कॉलर लागत न्हाई.” मी “बरं” म्हटलं. इतक्या थंडपणे म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मग कपात साखर घालायच्या ऐवजी मीठ घातलं आणि तो चहा पूर्ण प्याले, कारण त्याच्यादेखत ओतून द्यायचा नव्हता.

कॉलर म्हणजे काय, हे मी आजवर कोणाला धड समजावून सांगू शकलेले नाही. माझ्या पुण्याच्या बहिणीला वाटतं की शशिकांत पोरासारखी विमानं उडवतो आणि मी पाण्याची बाटली धरून उभी असते. रिमोटवर उडणारी ही विमानं, पण पंखांची लांबी पुरुषभरापेक्षा जास्त, पेट्रोलचं इंजिन, आवाज असा की पोटात घुमतो. प्रिसिजनच्या स्पर्धेत ठरलेल्या कसरती ठरलेल्या क्रमानं करायच्या असतात. सरळ रेघ म्हणजे सरळ, उभी म्हणजे उभी, वर्तुळ म्हणजे वर्तुळ. मागे खुर्च्यांवर परीक्षक बसलेले असतात. प्रत्येक कसरत दहा गुणांनी सुरू होते, आणि मग कोन चुकला की कापा, रेघ लांबली की कापा, असं करत खाली येते. पायलटची नजर विमानावरून क्षणभरही हलू शकत नाही. म्हणून त्याच्या उजव्या खांद्यामागे कोणीतरी उभं राहतं, हातात कसरतींच्या चित्रांचा कागद धरून, आणि पुढची कसरत त्याला सांगतं. आत्ताची नव्हे, पुढची. आत्ताची तो करतच असतो. ते कोणीतरी म्हणजे कॉलर, आणि शशिकांतची कॉलर मी. ईशा पाचवीत होती तेव्हापासून. आता ती बंगळूरला नोकरी करते आणि मला फोनवर म्हणते, “आई, प्लीज, माझं पुढचं वाक्य तू नको ना बोलूस.”

शशिकांत या गावचाच. आजोबा निजामाच्या वेळी बीदरकडची शेती भावाला देऊन इथे आले, वडील वीज खात्यात, हा एका कारखान्यात तयार झालेले भाग तपासायच्या विभागात. दिवसभर लोखंड कापणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात केसाएवढी चूक शोधायची आणि रविवारी घटकेसरच्या पुढे माळावर जाऊन तेच आभाळात करायचं. त्याचं मराठी ऐकून सुरुवातीला मी हसायचे, माझं ऐकून त्याच्या घरचे. “पुण्याच्या वहिनी पुस्तक वाचल्यासारखं बोलायल्यात,” असं म्हणायचे. कॉल करताना मात्र आम्ही दोघांची मिळून एक तिसरीच भाषा तयार केली होती. “वर. अर्धा रोल. थांब. उलटा बाहेर.” इतकंच. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी परीक्षक एक नवा कसरतींचा कागद देतात. तो उडवून बघायची परवानगी नसते, दुसऱ्या दिवशी थेट परीक्षेतच उडवायचा. मग आम्ही दोघं घरच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवायचो. तो काडीला लावलेलं चिमुकलं लाकडी विमान हातात धरून चालायचा आणि मी मागून बोलत चालायचे. डोळे मिटून तो वळायचा, मनगट फिरवायचा, मी शब्द टाकायचे, तो त्यावर पाय ठेवल्यासारखा पुढे जायचा. शेजारच्या सत्यवतीगारूंनी एकदा दारातून हे बघितलं आणि विचारलं, “एमिटी, पूजा नडुस्तोंदा?” पूजा चालली आहे का. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर आमच्या संसारात याहून जवळचं काही घडत नसे. बाकी वेळी तो तुटक बोलणारा माणूस, आणि मी दोघांच्या वाटचं बोलणारी. तिथे मात्र मी बोलले आणि तो वळला नाही असं कधी होत नव्हतं.

मग ते झालं. उन्हाळ्याच्या आधीच्या स्पर्धेत. त्या कागदाला दोन बाजू असतात. वारा डावीकडून असेल तर एक चित्र, उजवीकडून असेल तर त्याचंच आरशातलं रूप. एका बाजूला जे डावं ते दुसऱ्या बाजूला उजवं. त्या दिवशी वारा सारखा फिरत होता. एक मोठं वळण होतं, ज्यात विमान वळता वळता स्वतःभोवतीही फिरतं. मी म्हटलं, “डावीकडे रोल.” तो उजवीकडे फिरला. शून्य. चुकीच्या दिशेला गुण कापत नाहीत, सरळ शून्य देतात. पुढच्या कसरतीत पुन्हा तेच. मी ओरडून सांगितलं, तो चाचरला, विमान आभाळात डुगडुगलं. खाली उतरल्यावर मी हातातल्या कागदाकडे बघितलं तर प्लॅस्टिकच्या पाकिटात भलतीच बाजू वर होती. वाऱ्यानं उलटली असेल, उतरताना हात हलला म्हणून असेल. की आधीपासून तीच होती? मला आठवेना, आणि आपण डावं म्हटलं की उजवं याचीही खात्री वाटेना. मी म्हणाले, “शशी, मी उलट्या बाजूनं वाचलं बहुतेक.” तो विमानाची धूळ पुसत होता. थोडा वेळ पुसतच राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “होतंय, मेधा. जाऊ दे.”

जाऊ दे म्हणणं सोपं असतं. माझ्या आईचं शेवटी शेवटी सगळं उलटसुलट झालं होतं. ती मला ईशा म्हणायची आणि ईशाला अक्का. सुरुवात अशीच झाली होती, डाव्या चपलेत उजवा पाय घालून ती दारात उभी राहिली आणि आम्ही हसलो. त्या स्पर्धेपासून माझ्या जिवाला घोर लागला. शाळेत हजेरी घेताना मी मुलांची आडनावं न बघता म्हणून बघायचे. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून परत जायचे. दुपारी वर्गात फळ्यासमोर उभी असताना एकदम डावा हात कुठला असा विचार यायचा आणि उत्तर यायला जरा वेळ लागला की घाम फुटायचा. हे मी कोणाला सांगितलं नाही. शशिकांतला तर नाहीच, कारण त्याच्या दृष्टीनं ते सिद्धच झालेलं होतं. तो काही बोलला नाही, त्यानं फक्त हळूहळू मला सोडायला सुरुवात केली. आधी म्हणाला, सराव एकट्यानं करतो. मग म्हणाला, पावसाळा आहे, कशाला येतेस चिखलात. आणि आता हे. नापास मुलाला शाळेतून काढताना मुख्याध्यापक कसे, “याला खेळात पुढे जाऊ द्या,” असं म्हणतात, तसं त्यानं केलं, असंच मला वाटत होतं.

आणि कोणासाठी सोडलं, तर फ्रीस्टाईलसाठी. ज्याला तो इतकी वर्षं तमाशा म्हणत आला. फ्रीस्टाईलमध्ये ठरलेलं काही नसतं. गाणं लावायचं आणि गाण्यावर विमान नाचवायचं. शेपटीवर उभं करायचं, नाक आभाळाकडे, पंख्याच्या जोरावर नुसतं लटकत ठेवायचं, जमिनीला टेकेल इतकं खाली आणायचं, धूर सोडायचा. लोक शिट्ट्या मारतात. तिथे दहापासून कापत येत नाहीत, शून्यापासून चढवत नेतात. जो जास्त वेडेपणा करेल त्याला जास्त. हा ओमकारचा प्रांत. ओमकार दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, तिशीचा आहे, गळ्यात दोन-दोन चष्मे अडकवून हिंडतो आणि शशिकांतला सर म्हणतो. गाण्याची जुळवाजुळव त्यानंच करून दिली. मैदानावर एकदा त्याच्या मोबाईलवर मी ते ऐकलं. इथल्या वरातींत वाजतो तो मरफ्याचा ठेका, मधे शांत सनई, आणि शेवटी पुन्हा मरफा, आणखी वेगानं. चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. “सर का आयडिया है आंटी, मैं खाली कट-पेस्ट करा,” ओमकार म्हणाला, मग मराठीवर आला, “सरांनी मला गाण्याचं चित्र मागितलं. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते ना, तिचा प्रिंट. सर लई सायंटिफिक आहेत.” सायंटिफिक. घरी मात्र त्यानं ते गाणं एकदाही लावलं नाही. हॉलमध्ये तो एकटाच त्या काडीवरच्या विमानाला घेऊन चालायचा, समोर भिंतीला तो प्रिंट चिकटवलेला, घर चिडीचूप, आणि मधूनच त्याच्या दुसऱ्या हातातला ट्रान्समीटर, म्हणजे विमानाचा रिमोट, मोबाईलसारखा थरथरायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मी गेले की तो थांबायचा. गाणंसुद्धा माझ्यापासून लपवायचं, इतकं काय मी बिघडवणार होते?

आणि तरी, हे सांगायला मला लाज वाटते, त्याच वर्षात मी सुखीही होते. कारण तो माझ्याकडे बघायला लागला होता. खरंच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा माणूस मी बोलायला लागले की हातातलं काम ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. भाजी निवडत असले तर समोर येऊन बसायचा. अंधारात बोललेलं त्याला आवडेनासं झालं, झोपायच्या वेळी म्हणायचा, “लाईट राहू दे की जरा.” या वयात. मी आरशात बघून केसांना रंग लावायला लागले. टीव्हीवर तेलुगू सिनेमे खालच्या इंग्रजी अक्षरांसकट लावायचा, जन्म गेला इथे आणि तेलुगू माझ्यापेक्षा किती तरी चांगलं, म्हणून मी त्याला चिडवायचे, “आता अमेरिकेला जायचंय का?” तो हसायचा आणि माझ्या ओठांकडे बघायचा. मी लाजायचे. सोडतोही आहे आणि बघतोही आहे, हे काय आहे ते मला कळत नव्हतं. कोणी तरी एकदा हात धरतो आणि एकदा झटकतो, अशा अवस्थेत मी ते वर्ष काढलं, आणि त्याचा शेवट म्हणजे बुधवारच्या चहातलं मीठ आणि तो ऑटोवाला.

रविवारी मी गेले. जायचं नाही असं शनिवारपर्यंत ठरवलं होतं. ईशाला फोन केला तर ती म्हणाली, “आई, बाबा नको म्हणाले ना? मग एकदा नुसती बघायला जा की. बोलायचं काहीच नाही. जमेल?” तिच्या आवाजात टवाळी होती, पण सल्ला बरा होता. शशिकांत ओमकारच्या गाडीतून पहाटे निघून गेला होता, मी आपली आपण उशिरा कॅब करून पोचले. माळावर हलकं धुकं होतं, उन्हाला अजून धार नव्हती. दोरी बांधून लोकांची जागा वेगळी केली होती. इतकी वर्षं मी त्या दोरीच्या आतली. आज बाहेर उभी राहिले, शेंगा विकणाऱ्याच्या शेजारी. शशिकांतची पाठ दिसत होती. निळी टोपी, मी धुतलेला शर्ट. त्याच्या उजव्या खांद्यामागची जागा रिकामी होती, आणि ती बघून मी शेंगा घेतल्या, हाताला काही तरी काम हवं म्हणून. ओमकार स्पीकरपाशी होता. शशिकांतनं त्याच्याकडे मान वळवून बघितलं, ओमकारनं हात वर केला, मरफा सुरू झाला आणि विमान उठलं.

मला फ्रीस्टाईल आवडायचं नव्हतं. मी तयारीनंच आले होते. पण त्यानं पहिल्याच ठेक्याला विमान आडवं आणून एकदम उभं थांबवलं, भिंतीला थापल्यासारखं, आणि प्रत्येक थापेला ते जागच्या जागी एक-एक चतुर्थांश फिरलं. वेडेपणा नव्हता तो. ती प्रिसिजनच होती, फक्त कागद नव्हता. रेघ जिथे थांबायला हवी तिथेच थांबत होती. लोक ओरडायला लागले. सनई आली तेव्हा विमान शेपटीवर उभं राहून हळूहळू खाली उतरलं, इतकं खाली की गवत वाऱ्यानं झोपलं, आणि धूर त्याच्याभोवती साचला. माझ्या जिभेवर शब्द येत होते आणि त्यांची गरज नव्हती. थांब. अजून थांब. आता वर. तो थांबत होता, वर जात होता. मला रडू यायला लागलं, त्याचं इतकं सुंदर चाललंय म्हणून आणि ते माझ्याशिवाय चाललंय म्हणून, दोन्ही एकाच वेळी.

तेवढ्यात गाणं बंद पडलं. सनईच्या मधेच. जनरेटरनं दोन-तीन आचके दिले आणि स्पीकर मेला. ओमकार तिकडे धावला. परीक्षकांनी माना वर केल्या. आता विमानाच्या इंजिनाचा तेवढा आवाज, आणि लोकांची कुजबुज. अशा वेळी पायलट काय करतो ते मी पाहिलेलं आहे. तो विमान सरळ करतो, उंचावर नेतो, आणि खांद्यावरून विचारतो, काय झालं. कारण गाणं गेल्यावर पुन्हा उडवू देतात, तो त्याचा हक्क असतो. शशिकांतनं विचारलं नाही. त्याचे खांदेसुद्धा हलले नाहीत. विमान तसंच लटकत राहिलं, सनई जितका वेळ चालली असती तितका वेळ, आणि मग जिथे मरफा परत यायला हवा होता, बरोबर तिथे, त्या शांततेत, ते उसळलं. शेजारचा शेंगावाला म्हणाला, “क्या जिगरा है रे.” लोकांना तो रुबाब वाटला. ते टाळ्या वाजवायला लागले. न वाजणाऱ्या ठेक्यावर तो थाप न थाप बरोबर उडवत होता, आणि मी दोरीच्या कडेनं बाजूला सरकून त्याच्या हातांकडे बघत होते. दर थोड्या वेळानं त्याची बोटं ट्रान्समीटरवर किंचित घट्ट होत होती. ट्रान्समीटर थरथरत होता, हॉलमध्ये थरथरायचा तसा. गाण्याच्या वेळा त्यात आधीच भरून ठेवलेल्या असणार. आता कुठली थाप येते हे तो तळव्यांनी मोजत होता. गाणं बंद पडलेलं त्याला माहीतच नव्हतं.

एकदा एक सुटलं की बाकीचं आपोआप सुटत गेलं, थांबवता येईना. सिनेमाखालची इंग्रजी अक्षरं. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या आणि तो शेजारीच पेपर वाचत बसलेला असायचा, मला वाटायचं, पुरुष आहे. खिडकीकडे तोंड करून बसणं सोडलं ते. लाईट राहू दे की जरा. आणि तो कागद. मी डावीकडेच म्हटलं होतं. मी बरोबर बाजूनं वाचलं होतं, बाजू नंतर उलटली होती. त्याला ऐकूच आलं नव्हतं, पाठीमागून, इंजिनाच्या आवाजात, माझ्याकडे बघता येत नसताना. ते त्याला तेव्हाच माहीत होतं. विमान पुसत जो थोडा वेळ गप्प राहिला, त्या वेळात त्यानं ठरवलं होतं की चूक माझ्यावर राहू द्यायची. होतंय, मेधा, जाऊ दे. आणि मी महिनोन् महिने गॅस बघायला जिन्यावरून परत जात होते. मला इतका राग आला की हातातल्या शेंगा चिरडल्या गेल्या. आणि रागाच्या मागून जे आलं ते त्याहून वाईट होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. वर्षभर तो फक्त माझे ओठ वाचत होता, आणि मी केस रंगवत होते.

“शशिकांत,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. शेंगावाल्यानं वळून बघितलं, पुढच्या दोघातिघांनी बघितलं. पाठ हलली नाही. “खोटारडा आहेस तू,” मी त्या पाठीला म्हटलं. विमान शेवटची गिरकी घेऊन उतरलं, चाकं गवतावर धावली, इंजिन बंद झालं.

लोक दोरी ओलांडून आत गेले, मीही गेले. कोणी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं, कोणी फोटो काढत होतं. ओमकार कपाळाला हात लावून परीक्षकांशी बोलत होता. शशिकांत सगळ्यांकडे बघून हसत होता, ते अलीकडचं हसू, सगळ्याच बोलण्याला पुरेल असं. मग त्याला मी दिसले. हसू गेलं. माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याची नजर माझ्या डोळ्यांवरून खाली आली आणि ओठांवर थांबली. तिथे ती वाट बघत राहिली. मी इतकं काय काय बोलणार होते. पण मी तोंड उघडलं आणि आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले, कॉल करताना हलवायचे तसे, सावकाश.

गाणं मधेच बंद पडलं होतं.

“कवा?” शशिकांतनं विचारलं.

भोवतीच्या गलबल्यात त्याचं ते विचारणं जरा जास्तच मोठ्यानं आलं. मग माझ्या चेहऱ्यावरून त्याला समजलं की आपण कशाला उत्तर दिलं. टोपी काढली त्यानं. टोपीच्या आत बघत राहिला. कानांच्या वर टोपीचा वळ उठला होता आणि तो एकदम त्याच्या वडिलांसारखा दिसायला लागला.

“सनईत,” मी म्हटलं, या वेळी आवाज काढून, म्हणजे माझ्यासाठी. त्यानं वर बघितलं नव्हतं, म्हणून त्याची हनुवटी बोटांनी वर केली आणि पुन्हा म्हटलं, “सनईत.”

“तुला सांगितलं असतं तर तू उडवू दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं. पण माझं डोकं गेलंय असं मला वाटू दिलंस तू.”

“हौ,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्यामुळे त्याला माझे ओठ दिसेनात, हे मला कळत होतं, म्हणून मीही थांबले. ओमकार लांबून हाका मारत होता, परीक्षक पुन्हा उडवायला देतायत, सर, सर. तो हाका कोणाला मारतोय हे आमच्यातल्या एकालाच माहीत होतं. मी हातानं ओमकारला, थांब, अशी खूण केली.

शशिकांतनं विमान शेपटीकडून उचललं आणि तंबूकडे निघाला. मोठं विमान हातात असलं की समोरची जमीन दिसत नाही. मी मागून चालत होते. कुठे चालले होते हे नंतर लक्षात आलं, पाय आपोआप तिथेच गेले होते. पुढे तंबूची दोरी आडवी ताणलेली होती, घोट्याच्या उंचीवर. “दोरी,” मी सवयीनं म्हटलं. त्याचा पाय तसाच पुढे चालला. मी हात पुढे केला आणि त्याच्या उजव्या खांद्याच्या पात्यावर, शर्टावरून, दोन बोटांनी वर दाबलं. मागे न बघता त्यानं पाय उचलला.